कंपासचं टोक दाखवणारा कॅमेरा

मित्रांनो, संगणकाच्या माथ्यावर चिमट्यासारखा बसणारा एकडोळ्या प्राणी तुम्ही पाहिला असेल. तोच मी. मी एक जुना वेबकॅमेरा आहे. माझ्या वायरीवर आता दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे, काचेच्या कडेला बारीक चरा आहे. पण नजर अजून शाबूत आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या एका कामगार बाईने माझ्या डोळ्यात भिंग बसवलं, ते मऊ कापडाने पुसलं आणि समोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद धरला. चौकटी मला स्वच्छ दिसल्या आणि मी पास झालो. माझ्या आयुष्यातली ती पहिली परीक्षा. मग खोक्यात बंद होऊन, वीस भावंडांसह मी एका शाळेत आलो.

शाळेच्या मोठ्या बाई हौशी होत्या. कुणी आजारी पडलं, लांब राहिलं, तरी त्याचा तास बुडू नये असं त्यांना वाटे. शिक्षकांना हे नवं तंत्र यावं म्हणून त्यांनी बाहेरून एक प्रशिक्षक बोलावले. प्रशिक्षकांनी दोन तास भराभर बटणं दाबली, ‘एकदम सोपं आहे’ असं अकरा वेळा म्हटलं आणि ते गाडी पकडायला निघून गेले. शिक्षकांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवशी आमच्यातली निम्मी भावंडं कपाटात गेली.

मी भूमितीच्या बाईंच्या वाट्याला आलो. बाईंची नोकरी एकतीस वर्षांची. फळ्यावर नुसत्या हाताने त्या असं वर्तुळ काढत, की मुलं ते लाकडी कंपासने तपासून बघत आणि गप्प जागेवर जाऊन बसत. अशा बाई माझ्यासमोर बसल्या तेव्हा मात्र त्यांच्या कपाळावर घाम होता. सहकाऱ्यांना दाखवायचा तो सरावाचा तास होता. बाईंनी वीस मिनिटं जीव तोडून शिकवलं, आणि आवाजाचं बटण बंदच होतं.

“बाई, मूकनाट्य झकास झालं!” खेळाचे सर म्हणाले.

सगळे हसले. बाईही हसल्या. पण त्यांची हनुवटी थरथरली ती फक्त मला दिसली. “मला माझा फळा पुरे,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी माझी वायर हिसकून काढली, मला स्टाफरूममधल्या आपल्या खणात खडूच्या खोक्यामागे ठेवलं आणि खण लावून घेतला.

तिथे मी सात महिने होतो. खडूची पूड डोळ्यावर साचत गेली. मित्रांनो, कामासाठी जन्मलेल्याला नुसतं बसवून ठेवणं यासारखी शिक्षा नाही.

मग दहावीतली एक मुलगी जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी तीन महिने अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं, आणि परीक्षा चार महिन्यांवर आलेली. इतर विषयांचे तास तिला घरी फोनवर दिसू लागले. राहिली ती भूमिती. एके दिवशी तिचे वडील शाळेत आले. ते बस चालवत. कामावरचा गणवेश तसाच अंगात होता. स्टाफरूमच्या दारातूनच ते बोलले, म्हणून खणात बसून मलाही ऐकू आलं.

“बाई, बाकीचं ती वाचून काढते. भूमिती नुसती वाचून कळत नाही म्हणते. तुमचा हात चालताना बघायला मिळाला तर बरं होईल. नाहीतर वर्ष जाईल हो पोरीचं.”

“बघते मी,” बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने खण उघडला. मला रुमालात गुंडाळून, कुणाच्या नजरेस पडू नये अशा बेताने, बाई ग्रंथालयात गेल्या. ग्रंथालयातल्या ताई वयाने बाईंच्या निम्म्या. त्यांनी आधी माझा डोळा पुसला. मग विचारलं, “बाई, अडतंय नक्की कुठे?”

बाई रुमालाची घडी घालू लागल्या. “पडद्यावर माझं तोंड दिसलं की मला काही सुचतच नाही गं. आणि चुकले की सगळे हसणार. तुम्हा लोकांना हे जन्मतःच येतं.”

“जन्मतः? अहो, मी पहिल्यांदा अख्ख्या शाळेला अर्धा तास रिकामी खुर्ची दाखवली होती. मी आपली तिच्या शेजारी उभी राहून बोलतेय!”

बाई खळखळून हसल्या. ताई म्हणाल्या, “आणि तोंड दाखवायचंच कशाला? त्या मुलीला तुमची आकृती हवीय.”

ताईंनी प्रयोगशाळेतून काचनळ्या धरायचा लोखंडी स्टँड आणला आणि त्याच्या चिमट्यात मला अडकवलं, डोळा खाली टेबलाकडे. शाळेत आल्यापासून तोवर मी फक्त चेहरे पाहिले होते. त्या दिवशी पहिल्यांदा काम करणारे हात पाहिले.

शाळा सुटल्यावर आठ दिवस सराव चालला. माऊस बाईंच्याच हातात राहील, ताई फक्त तोंडाने सांगतील, असं ठरलं. पहिल्या दिवशी कागद उलटा दिसला. दुसऱ्या दिवशी आकृतीवर बाईंच्याच डोक्याची सावली पडली. पाचव्या दिवशी बाई चिडून उठल्या, पिशवी उचलून दारापर्यंत गेल्या, तिथे जरा थांबल्या आणि परत येऊन बसल्या. ताईंनी माऊस पुन्हा त्यांच्याकडे सरकवला. सगळ्या पायऱ्या बाईंनी आपल्या वहीत आपल्या शब्दांत लिहिल्या. पहिलीच ओळ होती, ‘आधी आवाज!’

नवव्या दिवशी ग्रंथालयातच त्या मुलीसाठी तास झाला. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून वर्तुळाला स्पर्शिका काढायची होती. बाईंनी आधी आवाजाचं बटण तपासलं आणि मग कंपास टेकवला.

“बाई, थांबा ना,” फोनवरून मुलीचा आवाज आला. “आता टोक कुठे ठेवलंत?”

“मध्यबिंदूवर. केंद्र आणि बाहेरचा बिंदू यांच्या बरोबर मधे.”

“अय्या! मी दर वेळी ते पहिल्या वर्तुळाच्या केंद्रावरच ठेवायचे. वर्गात मी शेवटच्या बाकावर असते. तुम्ही पाठमोऱ्या असता, त्यामुळे कंपासचं टोक कधी दिसलंच नाही.”

बाईंचा हात कागदावर तसाच राहिला. तास संपल्यावर त्या ताईंना म्हणाल्या, “मागच्या बाकांवरच्या किती वह्यांवर मी लाल शाईने ‘लक्ष द्या’ असं लिहिलंय. एकतीस वर्षं!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला स्टँडसकट वर्गात नेलं आणि मोठ्या पडद्याला जोडलं. “मुलांनो, हे मीही नव्यानेच शिकतेय. काही चुकलं तर ओरडून सांगा,” त्यांनी सरळ सांगून टाकलं. मुलांनी दोनदा सांगितलंही. बाईंचा हात भिंतीएवढा झाला, आणि शेवटच्या बाकावरची मुलं प्रथमच मान उंच न करता रेघा ओढू लागली. घरी अंथरुणावरून ती मुलगी त्याच वर्गात हजर होती.

बातमी स्टाफरूममध्ये पोहोचायला वेळ लागला नाही. सगळ्यांत आधी आले ते खेळाचे सर. “बाई, मलाही शिकवा की. पण हसायचं नाही हं.”

“हसणार,” बाई म्हणाल्या. “पण दोघं मिळून.”

महिन्याभरात आमची कपाटातली भावंडं एकेक करून बाहेर आली. मुलगी कुबड्या घेऊन परीक्षेला बसली. ती पहिली वगैरे आली नाही, पण वर्ष वाचलं, आणि रचनेच्या प्रश्नात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. तिचे वडील दारात न थांबता थेट आत आले, बाईंसमोर हात जोडून उभे राहिले आणि डोळे पुसत निघून गेले.

पुढे बाई निवृत्त झाल्या. शाळेत माझ्यापेक्षा तीक्ष्ण नजरेचे कॅमेरे आले. मी ग्रंथालयात असतो. कधी कधी आठवडाभर कुणी फिरकत नाही, मग धूळ बसते. वाईट वाटतं, पण रडगाणं गाण्यासारखं काही नाही. मी भरपूर पाहिलं आहे.

मित्रांनो, माझी वायर ओढू नका, माझा डोळा मऊ कापडाने पुसा, एवढ्यावर माझं भागतं. शिकवणाऱ्यांना मात्र यंत्र देऊन मोकळे होऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, त्यांना चुकायला वेळ द्या.

आज इतिहासाचे सर आले आहेत. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, आणि एक जुना नकाशा त्यांना दुसऱ्या गावच्या मुलांना दाखवायचा आहे. तीनदा वायर चुकीच्या भोकात गेली. चौथ्यांदा माझा हिरवा दिवा लागला. सरांनी नकाशा माझ्याखाली सारला, घसा खाकरला आणि जरा मोठ्यानेच विचारलं, “दिसतंय का रे?”

पलीकडून चाळीस आवाज एकदम आले, “दिसतंय, सर!”