पाहुण्यांना बोलावणारी पुस्तिका

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे. आष्ट्याजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरात कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असते. माझी गोष्ट तुम्हांला ऐकावीशी वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. माझ्यात जे गाव छापले आहे, तिथे आता कुणीच राहत नाही.

कॅरिबियन समुद्रात मॉन्टसेराट नावाचे चिमुकले बेट आहे. येणाऱ्या पाहुण्यांना त्याची ओळख करून द्यावी, यासाठी माझा जन्म झाला. माझ्या पानांवर हिरवेगार डोंगर आहेत, काळ्या वाळूचे किनारे आहेत, बोकडाच्या रश्श्याचे कौतुक आहे. प्लिमथ नावाचे राजधानीचे लहानसे गाव आहे.

१९९२ च्या दिवाळीत जयराजने मला इथे आणले. तो प्लिमथच्या बंदरावर यंत्रे दुरुस्त करायचा. तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले होते, छोटे घर बांधले होते, आणि त्यांना एक लेक झाली होती. परत जाताना मला आईच्या हातात ठेवून तो म्हणाला, "आई, माझा संसार एकदा बघून जा. तिकिटं मी काढतो."

आईला, म्हणजे मनुबाईंना, इंग्रजी येत नव्हते. पुतणी क्रांती कॉलेजात जायची. ती मला मराठीतून वाचून दाखवी.

"काकी, हितं लिवलंय, डोंगरात जमिनीतनं गंधकाची वाफ निगती. पाहुण्यांनी जरूर बघावी म्हणं."

"म्हंजी तितं बी आपल्या हळद शिजवायच्या चुलाणागत पेटलेलंच हाय," मनुबाई म्हणाल्या. "हितल्या धुरातनं सुटावं, तर तितला धूर."

त्यांच्या बोटांना हळद लागलेली असे. माझी पाने त्याच बोटांनी पिवळी झाली. ते माझे सुखाचे दिवस होते.

पण माझ्यात असेही छापले होते की डिसेंबर ते एप्रिल हा काळ प्रवासाला उत्तम. दुसऱ्या वर्षी क्रांतीने ते पुन्हा वाचले तेव्हा मनुबाईंचे यजमान नाथाजी ओसरीवर पान लावत बसले होते.

"त्याच म्हयन्यांत ऊस तुटतो, हळद निगती," ते म्हणाले. "हळद शिजली की जाऊ."

"गेल्या साली बी हेच म्हनला हुता."

"हळद थांबत न्हाई गं. ल्योक कुटं पळून चाललाय?"

पुढच्या वर्षीही हळद शिजली, वाळली, पेठेत गेली. मी फळीवर वाट बघत राहिले.

१९९५ च्या पावसाळ्यात बेटावरचा ज्वालामुखीचा डोंगर जागा झाला. जयराजला बायको-लेकीसह घर सोडून बेटाच्या उत्तर टोकाला जावे लागले. दोन वर्षांनी सगळे प्लिमथ राखेखाली गेले. बंदर गेले, बाजार गेला, जयराजचे घरही गेले. तो इंग्लंडला गेला आणि तिथून त्याचा फोन आला.

"आई, आमीच दुसऱ्याच्या घरात राहतोय. तुला कुटं बोलवू?"

एकदा मनुबाईंना बरे वाटावे म्हणून क्रांतीने मला खाली काढले. मनुबाईंनी तोंड फिरवले. "ठेव ते वर. खोटं हाय ते."

मित्रांनो, मी कधी खोटे बोलले नव्हते. पण माझे खरे आता कुणाला दाखवणार?

पुढच्या वैशाखात, हळदीचे बेणे लावणीसाठी काढायची वेळ आली तेव्हा, नाथाजी चुलीपाशी येऊन बसले.

"यंदा हळद लावत न्हाई," ते म्हणाले. "आपन दोघं जाऊन येऊ."

मनुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कुटं?" त्यांनी विचारले.

पावसाळा जवळ आला तसे नाथाजींनी बेणे काढले आणि त्याच रानात हळद लावली.

माझ्यासारख्या वस्तू गोष्टीच्या शेवटी 'आम्हांला जपा' असे सांगतात. मला ते सांगवत नाही. मला जपून आता कुणाचे काही भले होणार नाही. मात्र तुम्हांला कुणी 'एकदा येऊन जा' म्हटले असेल, तर ते घर उभे आहे तोवर जा. पुस्तके काय, पुन्हा छापता येतात.