दोन आखूड रेघा

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिने इंजिनाच्या वरच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. टक्, टक्, टक्, टक्. बारीक, कोरडा, धातूवर धातू आपटल्याचा आवाज. तिने टोक दोन बोटं मागे सरकवलं. तिथे तो जास्त स्पष्ट होता.

काका पलीकडे हात पाठीशी बांधून उभे होते.

"काय डॉक्टरीणबाई, पेशंट काय म्हणतोय?"

"बोलू नका हो काका. ऐकू द्या."

"मला नळी न लावता ऐकू येतंय. बेअरिंग गेलं. भर चढावर इंजिन बसेल आणि मग तू बसशील रस्त्याच्या कडेला."

ती वाकली आणि स्क्रूड्रायव्हर इंजिनाच्या खालच्या अंगाला लावला. तिथे नुसती घरघर होती, जड आणि एकसारखी.

"बेअरिंग खालून बोलतं. हे वरून बोलतंय."

"बोलतंय ना पण? झालं तर मग. चार वाजता भंगारवाला येतोय."

ट्रक बाबा आणि काका, दोन्ही भावांच्या नावावर होता. बाबा जाऊन अडीच महिने झाले होते. तो विकायचा की चालवायचा, यात काकांचा शब्द निम्मा होता, आणि तो त्यांनी कालच दिला होता : इंजिन धड असेल तर पोरीने खुशाल चालवावा, बेअरिंग गेलं असेल तर ट्रक भंगारात. ते वाईट मनाने बोलत नव्हते. एका भावाला पोचवून आल्यावर त्यांना पुतणीचीही भीती वाटू लागली होती, एवढंच.

तिने पाना घेतला. पहिल्या सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या नळीचा नट अर्धा फेरा सैल केला. डिझेल बाहेर फसफसलं, इंजिन लंगडलं. टक्, टक्. आवाज होता तसाच. तिने नट आवळला आणि दुसऱ्याकडे वळली. मग तिसऱ्या, मग चौथ्या.

"हे कशाला?" काकांनी विचारलं.

"बेअरिंग असतं तर त्या सिलिंडरचा जोर काढल्यावर आवाज दबला असता. चारातल्या एकानेही दबला नाही. टॅपेट आहेत काका, या झाकणाखालचे. सैल झालेत."

"टॅपेट दादाने गेल्या वर्षीच केले होते. माझ्यासमोर हत्यारांची पेटी उघडली होती त्याने. दादाच्या हातचं काम सैल? सूर्य पश्चिमेला उगवला म्हण की."

 तिने इंजिन बंद केलं. ते गार व्हायला दुपार होणार होती.

गेल्या वर्षीचं तिलाही आठवत होतं. ती दुसऱ्याची गाडी घेऊन आठ दिवस बाहेर होती. परत आली तर ट्रक टकटकत फाटकातून आत शिरत होता. तिने बाबांना तिथेच धारेवर धरलं होतं. कान कुठे गेले तुमचे, मी करते, द्या इकडे. बाबा गाडीतून सावकाश उतरले होते. "राहू दे," म्हणाले होते. "मला चालतो हा आवाज." त्यानंतर तिने दोन-तीनदा विषय काढला, तेव्हाही तेच. त्यांनी तिला झाकणाला हात लावू दिला नाही. तिला ते लागलं होतं. हाताखाली तयार केलेल्या मुलीवर भरवसा नाही, असा तिने त्याचा अर्थ लावला होता.

जेवताना आईने शर्टांचा विषय काढला. बाबांचे चांगले सहा शर्ट होते, कोणाला तरी उपयोगी पडतील. तिने एक उचलून घडी घातली आणि अंगठा कशाला तरी अडखळला. बटणं वरवरची होती, कापडाला नुसती टाचलेली. त्यांच्या आत टिचबटणं लावलेली होती. सहाही शर्टांना.

"हे कधी केलंस?"

"बरेच दिवस झाले." आई ताटं उचलत होती. "उजव्या हाताच्या बोटांना काही कळेनासं झालं होतं त्यांच्या. बटण सापडायचं नाही. तुला सांगू नकोस म्हणाले. तू लगेच किल्ली काढून घेतली असतीस."

घेतली असती. ती शर्टाची घडी पुन्हा घालत बसली. घडी आधीच बरोबर होती.

तीन वाजता तिने झाकणाचे नट काढून झाकण उचललं. आत टॅपेटच्या आठ दांड्या ओळीने, तेलात चमकत होत्या. एकेका सिलिंडरला दोन. प्रत्येक दांडीच्या टोकाशी तिच्याखालची फट कमीजास्त करणारा स्क्रू आणि त्याला धरून ठेवणारा नट. बाबांची सवय होती : फट बरोबर बसली की स्क्रूपासून नटावर रंगाची एक लांब पिवळी रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली तर नट हलला. हा पहारेकरी पगार मागत नाही, म्हणायचे.

तिने इंजिन हाताने फिरवलं आणि पोलादाची पातळ पत्ती पहिल्या फटीत सरकवली. पत्ती किंचित अडकत गेली. बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी, चौथीही. चारही रेघा अखंड होत्या, पण चौथी वेडीवाकडी, थांबत थांबत ओढलेली.

पाचव्या फटीत पत्ती भसकन गेली. वर तशीच आणखी एक पत्ती घातली, तीही गेली. सहावी, सातवी, आठवी, सगळ्यांची तीच गत. आवाज सापडला होता.

पण नट हलले नव्हते. त्यांच्यावरचा रंगही तुटलेला नव्हता. फक्त तिथे एक लांब रेघ नव्हती. दोन रेघा होत्या, आखूड, शेजारी शेजारी, अगदी सारख्या मापाच्या.

तिने चिंध्यांनी हात पुसले. मग उगाच पुन्हा पुसले. बाही आणि मुंढा एकमेकांना कुठे जुळवायचा, ते खडूने अशाच दोन आखूड रेघांनी दाखवतात. लहानपणापासून ती आईच्या शिवणाच्या घरभर पडलेल्या कापडांवर त्या बघत आली होती.

पाचवी, सहावी आणि सातवी फट तिने एकटीने बसवली. आठवीशी थांबली.

"आई, जरा येतेस?"

खोलीतलं शिलाई मशीन थांबलं. आई बाहेर आली, खांद्यावर दोऱ्याचा तुकडा तसाच.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"पत्ती तर धरता येते ना?"

 आईने हात पदराला पुसून पत्ती घेतली, चिमटीत आडवी धरली आणि न विचारता बरोबर बाजूने फटीत घातली.

"छान सरकली पाहिजे ना?"

"सरकली पाहिजे, पण अडकत. रेशमासारखी नको. जाड कापड सुईखालून ओढताना हाताला लागतं ना, तितकी लागली पाहिजे." तिने स्क्रू थोडा फिरवला. "आता?"

"मोकळी आहे."

"आता?"

"मोकळीच."

"आता?"

आईचा हात थांबला. तिने पत्ती मागे घेतली, पुन्हा सरकवली.

"धरतेय," ती म्हणाली.

तिने नट आवळला. आई पत्ती सोडत नव्हती. पुढे-मागे करत होती, डोळे मात्र शेजारच्या नटांवर.

"तुझे बाबा मला विचारायचे, सरकते का? मी म्हणायचे, लोण्यासारखी." आई म्हणाली. "की ते म्हणायचे, वा, उत्तम. बुडव बोट रंगात." मग तिने विचारलं, "चालू केल्यावर त्यांना आवाज आला असेल ना?"

"बाबांना दोन गल्ल्यांपलीकडची गाडी कोणाची, ते कळायचं."

आईने मान हलवली. रंगाची डबी उघडीच होती. तिने करंगळी बुडवली आणि आठव्या नटावर, जुन्या रेघा खरवडून, नव्या दोन काढल्या.

पावणेचारला झाकण बसलं. काका घड्याळ बघतच आले. तिने किल्ली फिरवली. इंजिन एकदा खाकरलं आणि लागलं. टकटक गेली होती. काकांनी डोकं आत घातलं, मग बाहेर काढलं, मग स्वतःच स्क्रूड्रायव्हर घेऊन कानाला लावला. बराच वेळ ते तसेच वाकून उभे होते.

"काय होतं?"

"टॅपेट. चार सैल होते."

"दादाच्या हातचे? शक्य नाही."

"माझ्या हातचे होते, भाऊजी," आई म्हणाली.

काका खो खो हसले. "वहिनी, तुम्ही पण ना!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि खिशातून फोन काढून भंगारवाल्याचा नंबर शोधू लागले.

आई आत गेली. लेक गाडीत चढून बसली, हात स्टिअरिंगवर. थोड्या वेळाने खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येऊ लागला. इंजिन चालू असतानाही तो इथपर्यंत येतो, हे त्या टकटकीत वर्षभर तिच्या ध्यानात आलं नव्हतं.