दगडफुलाची खूण

खिंडीतून धुकं आत शिरलं तेव्हा मावशी पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती. बघता बघता दोरीचं दुसरं टोक दिसेनासं झालं. तिनं हातातली चादर तशीच टाकली. लेक वर पठारावर होती, पाहुण्यांना घेऊन.

मावशीची खाणावळ म्हणजे खिंडीखालचं शेवटचं घर. राहायच्या चार खोल्या, खाली स्वयंपाकघर. लेक पाहुण्यांना वाट दाखवायची. पठार तसं सपाट, पण एका बाजूला एकदम तुटलेलं. त्या कड्यापासून माणसाला लांब ठेवायला आजोबा-पणजोबांनी वाटेच्या कडेनं गुडघाभर उंचीच्या दगडांच्या राशी रचल्या होत्या. एका राशीवरून पुढची दिसायची. धुकं असलं तर चाचपडत शोधायची.

दोन वर्षांपूर्वी मावशीनं दारात पाटी लावली होती, ‘आठवण म्हणून एक मनोरा रचून जा!’ पाहुणे खूश. दगडावर दगड ठेवायचे, शेजारी उभं राहून फोटो काढायचे. फोटो बघून आणखी पाहुणे यायचे. मनोरे अंगणातून निघाले ते चढत चढत पार पठारावर पोचले.

मावशीचा धाकटा भाऊ पठाराचा राखणदार. तो तिच्या खनपटीलाच बसला होता. “ताई, त्या दगडांखाली मुठीएवढे ससे राहतात, बिनशेपटीचे, शीळ घालणारे. दगड उचलला की त्यांचं घर गेलं.”

“तुझे ससे माझ्याकडे खोली घेतात का? घेत असतील तर त्यांचंही ऐकते.”

तो हसला, पण कसंनुसं. “आणि धुक्यात खरी रास कुठली, खोटी कुठली, हे कसं कळायचं?”

“तू आहेस ना सांगायला,” असं म्हणून तिनं विषय मिटवला होता.

आता तोच भाऊ धापा टाकत अंगणात आला. खांद्यावर दोर होता. “पोरगी उतरली?”

“नाही रे.”

मावशीनं मोठं पातेलं आणि पळी उचलली आणि दोघं वर निघाली.

पठारावर पोचल्या पोचल्या तिनं पातेल्यावर पळी हाणली. भावानं हात धरला. “नको वाजवू! धुक्यात आवाज कुठून येतोय ते कळत नाही. ती आवाजाच्या रोखानं निघाली आणि कड्याकडे गेली, तर?”

मावशीनं पातेलं पोटाशी आवळून धरलं. चुकून खडा लागला तरी वाजेल, म्हणून पदर त्याच्याभोवती गुंडाळला.

पुढे एक रास दिसली. ती भराभर तिकडे निघाली, तोच भावानं मागून खेचलं. त्यानं एक दगड उचलून राशीपलीकडे टाकला. दगड पडल्याचा आवाज आला, पण फार खालून, फार उशिरा.

मावशी दोन पावलं मागे सरली. मग संताप आला. तिनं त्या मनोऱ्याला लाथ घालायला पाय उचलला.

“थांब. आधी हात लाव,” भाऊ म्हणाला. “खरी रास पाडलीस तर पोरीची वाटच पुसशील.”

तिनं हात लावला. दगड थंड आणि उघडे लागले. भाऊ तिला थोडा मागे घेऊन गेला आणि दुसऱ्या राशीवर तिचा पंजा ठेवला. इथे सगळं खरखरीत होतं. दोन दगडांमधल्या फटीवरून दगडफूल वाढलं होतं, जणू दगडांनी एकमेकांचे हात धरलेत.

“नखाएवढं दगडफूल वाढायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं,” तो म्हणाला. “फोटोसाठी रचलेल्या मनोऱ्यावर ते कुठून येणार?”

“पोरीला माहीत आहे हे?”

“लहान असताना दाखवलं होतं. लक्षात असलं म्हणजे झालं.”

त्यानंतर मावशी रांगल्यासारखीच चालली. प्रत्येक रास चाचपायची. गुळगुळीत लागली की एकेक दगड हलक्या हातानं उतरवायची, खरखरीत लागली की पुढे सरकायची. बोटं सोलली. किती मनोरे होते! एवढे पाहुणे आपल्याकडे येऊन गेले, याचा तिला कालपर्यंत अभिमान होता.

“कोण आहे?” अगदी जवळून आवाज आला.

लेक एका राशीला मिठी मारून बसली होती. तिच्यामागे पाहुणे हातात हात घालून ओळीनं बसलेले.

“पुढची रास गुळगुळीत लागली, मामा,” ती म्हणाली. “मग मी या राशीशी परत आले आणि हललेच नाही.”

“आणि मलाही हलू दिलं नाही!” एक जाडजूड गृहस्थ म्हणाले. त्यांच्या कमरेचा पट्टा अजून लेकीच्या मुठीत होता. “म्हटलं, समोर दिसतेय की रास. तर हिनं बकऱ्यासारखं धरून ठेवलं.”

मावशीनं लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला जवळ घेतलं. पातेलं शेवटी खाली पडलं आणि खणखणलंच.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. मावशीनं दारातली पाटी उतरवली आणि अंगणातले मनोरेही. सकाळी आलेलं एक कुटुंब अंगण बघून खट्टू झालं. “मनोरे नाहीत? मग इथे बघायचं काय?” असं म्हणून ते गाडीत जाऊन बसले. मावशीला हाक मारून थांबवावंसं वाटलं. हंगाम नुकता कुठे सुरू झाला होता.

तिनं हाक मारली नाही. लेकीला आणि भावाला घेऊन ती पठारावर गेली आणि पसरलेले दगड उचलून खडकांच्या फटींशी ठेवू लागली, एखाद्यावर दगडफूल उरलं असेल तर ती बाजू वर करून.

“ससे परत येतील?” तिनं भावाला विचारलं.

“सांगता येत नाही, ताई. घर एकदा मोडलं की भरवसा नसतो. आले तर शीळ घालतील.”

ती कान देऊन दगडासारखीच निश्चल बसून राहिली. खालच्या रस्त्यावर एका गाडीचा आवाज आला. गाडी येतेय की जातेय, ते कळेना. लेक उठून बघायला निघाली, तर मावशीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.