चौकोनी डब्याचं हळदीकुंकू

गोदामाचं वायफाय निवडायचं काम सुनेकडं आलं, आणि पैठणी मिळाल्यावर बाई मोहरते तशी अंकिता मोहरली. ती करमाळ्याची. लग्न होऊन भवानी पेठेतल्या या टॉवेलवाल्यांच्या घरात आल्यापासून तिचं मत फक्त आमटीच्या मिठाबद्दल विचारलं गेलं होतं.

"तू निवड," सासरे, शिवपुत्र अण्णा, म्हणाले होते. "जमलं तर गोदाम तुझ्या ताब्यात. न्हाई जमलं तर आपल्या हिशेबाच्या चिठ्ठ्या काय वाईट हायत?"

दुखणं साधं होतं. टॉवेलच्या गठ्ठ्यांवरच्या बारकोडच्या पट्ट्या स्कॅनरनं टिपत माणूस या टोकाकडून त्या टोकाला निघाला, की मधल्या लोखंडी रॅकपाशी स्कॅनर मुका व्हायचा. मग सगळे दाराकडं पळत, पुन्हा रेंज धरत, पुन्हा पहिल्यापासून.

अंकितानं बोलावलेल्या, कॉम्प्युटरच्या दुकानातल्या सलमाननं वायफायचे दोन जातींचे डबे आणून लावले, जोडीजोडीनं. गोल जोडी छताला, पुरणपोळीच्या ताटाएवढी. चौकोनी जोडी भिंतीला, हात पोचेल एवढ्या उंचीवर.

"जी पसंत पडेल ती ठेवा अण्णा. दुसरी मी खंडेनवमीला येऊन नेतो."

अंकितानं एक आठवडा गोल चालवले, एक आठवडा चौकोनी. गोल डब्यांचा जोर मोठा. पहिल्याची हाक गोदामाच्या पार पलीकडं पोचायची, म्हणूनच स्कॅनर त्याला सोडायला तयार नसायचा. दुसरा डबा थेट डोक्यावर आला तरी पहिल्याचाच विरत चाललेला धागा धरून राहायचा, आणि रॅकपाशी तो धागा तुटायचा. चौकोनी डबे बेतानं बोलायचे, पण एकमेकांना सांगून ठेवायचे. एकानं हात सोडायच्या आत दुसऱ्यानं धरलेला असायचा.

हे तिनं गठ्ठे बांधणाऱ्या गुरम्माला समजावून सांगितलं, कारण ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. गुरम्मानं सुतळीची गाठ मारली आणि मान वर न करता म्हटलं,

"उंबऱ्यात लेक उभी, हात सोडंना आईचा,
पल्याड सासू म्हणे, दिवा खोळंबे घराचा."

"हेच ते!" अंकिता म्हणाली.

"मग गोल डबा आई हाय," गुरम्मा म्हणाली. "आईला लेक पाठवता येत न्हाई."

अण्णा बघायला आले. गोल डब्याखाली उभे राहिले आणि मोबाइल आरतीसारखा वर धरला. "रेंजच्या तीन कमानी. भरलेल्या." मग चौकोनी डब्याखाली उभे राहिले. "दोनच."

"अण्णा, उभं राहून नाही कळत. चालत बघायचं असतं."

"चालायला माणसं हायत की." अण्णांनी मोबाइल खिशात घातला. "गोल ठेवायचा. रूपाला बी बरा हाय. चौकोनी म्हंजे लाईटचा बोर्ड वाटतोय."

"मग मी काय निवडलं, अण्णा?"

"सलमानला निवडलंस की. हुशार पोरगा हाय."

गोल डबे राहणार, स्कॅनर रॅकपाशी मुका होणार, मग चिठ्ठ्या परत येणार, आणि ती परत मिठाकडं. एवढी वाट अंकिताला उभ्या जागेवरून दिसत होती.

खंडेनवमीला माग थांबले. एरवी खडखडणाऱ्या कारखान्यात झेंडूचा वास तेवढा चालता होता. यंत्रांची पूजा करायचा मान जुनेपणानं गुरम्माचा. मागांना हळदीकुंकू, वजनकाट्याला, कात्र्यांना, स्कॅनरला. पूजलेल्या वस्तूनं त्या दिवशी काम करायचं नाही, आणि तिला पुढं कधीच दाराबाहेर घालायचं नाही. अण्णांच्या वडलांनी पूजलेला एक गंजका पंखा याच नियमानं अजून घरात होता.

दुपारी सलमान रिकामं खोकं घेऊन आला आणि भिंतीपाशी थबकला.

"अण्णा, ये क्या?"

दोन्ही चौकोनी डब्यांवर हळदीकुंकवाची बोटं उठली होती. वर एकेक झेंडू, चिकटपट्टीनं डकवलेला.

"हे मी कसं नेऊ? दुसरं गिऱ्हाईक इचारंल, तर काय, कुंकू कंपनीचा माल हाय म्हणू?"

"गुरम्मा!" अण्णा गरजले. "हे जायचे डबे हुते! ऱ्हायचे ते गोल!"

"गोलाला हात पुरंना."

"घोडा हाय की चढायला!"

गुरम्मानं दाराजवळच्या लाकडी घोड्याकडं बोट केलं. त्याच्या चारी पायांना हळदीकुंकू होतं. वरच्या पायरीवर झेंडू.

"त्याची पूजा झाली. आता त्याच्यावर पाय कसा दिऊ, अण्णा?"

"आधी त्याची कशाला केलीस?"

"दारात तोच हुता."

अण्णांनी त्या उत्तराला सगळ्या बाजूंनी चक्कर मारली. बाहेर पडायला कुठंच वाट नव्हती. "बरं," ते शेवटी म्हणाले. "देवीनंच निवडलं म्हणायचं."

गप्प बसली असती तरी अंकिताचे डबे राहिले असते. पण ती म्हणाली, "देवीनं निवडलंय, तर दसरा झाल्यावर तुम्हीच चालून बघा. देवीचं काम माणसांवर कशाला टाकायचं?"

सलमाननं खोकं छताच्या गोल डब्यांखाली नेलं आणि उद्याला शिडी आणतो म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनी अक्कलकोटच्या थोरल्या बहिणीला, निंगव्वाला, वायफायवरून व्हिडिओ कॉल लावला आणि दारातून चालायला सुरुवात केली. निंगव्वा कानडीत जावेबद्दल सांगत होती. पहिला डबा मागं पडला. रॅक आली. जाऊ तशीच चालू होती. अण्णा पलीकडच्या भिंतीला टेकून परत फिरले, तेव्हा विषय जावेच्या आईवर आला होता. फोन तुटावा म्हणून अण्णा रॅकपाशी थोडा वेळ मुद्दाम उभे राहिले.

तुटला नाही.

त्यांनी कानडीतच "आयतु, अक्का" म्हणत आटोपतं घेतलं आणि स्वतःच फोन ठेवला. मग कमरेची गोदामाची किल्ली काढून अंकिताच्या हातात दिली.

"कुलूप अडकतंय," ते म्हणाले. "जरा वर उचलून फिरव."