धुक्यातले कोमुझ

सीटखाली राहणाऱ्याला जग फारसे दिसत नाही, मित्रांनो. मी गाडीतला एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. टेपमधून येणारा दुबळा आवाज मी मोठा करून स्पीकरकडे पाठवतो. माझ्या पाठीवर अ‍ॅल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या आहेत. आतली उष्णता त्यांच्यावाटे हवेत जाते. तोच माझा श्वास.

नारीन शहराच्या बाजारातून जोल्दोशने मला आणले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात मी त्याच्या कुटुंबाबरोबर डोंगरावरच्या कुरणात जातो. घोड्यांचे दूध काढायची वेळ झाली की तो कोमुझ या तीन तारांच्या वाद्याची कॅसेट लावतो. सूर गवतावरून दूर जातात आणि घोड्या शिंगरांसकट परत येतात. मला त्या दिसत नाहीत. त्यांच्या टापा जमिनीतून, चाकांतून माझ्यापर्यंत पोहोचतात. अशा वेळी मला वाटते, मी एक ढग आहे आणि खाली सगळे कुरण वाजते आहे.

"जोल्दोश, घोड्या तुझ्यापेक्षा त्या डब्याचं जास्त ऐकतात!" शेजारी चिडवतात.

"घरात तरी माझं कोण ऐकतं?" तो म्हणतो.

यंदा वर येताना घाटात बर्फ लागले. जोल्दोशच्या बायकोने, बात्माने, सीट उचलून मला हात लावला.

"गारठलाय बिचारा," ती म्हणाली. लोकर कुटून केलेला जाड नमदा तिने माझ्याभोवती गुंडाळला आणि टाके घालून पक्का केला. तंबू असो, खोगीर असो की नुकते जन्मलेले कोकरू, तिच्या घरी सगळे नमद्यातच जपतात. मला गुंगी येऊ लागली.

एका दुपारी घोड्या दरीच्या बाजूला भरकटल्या. जोल्दोश घोड्यावर बसून त्यांना आणायला गेला आणि धुके उतरले. बात्माने कॅसेट पूर्ण आवाजात लावली. मी थोडा वेळ वाजलो आणि एकाएकी गप्प झालो.

"हॉर्न वाजवते," बात्मा घाबरून म्हणाली.

"नको, आपा!" तिची मुलगी बुरुल ओरडली. आईला ती आपा म्हणते, वडिलांना अता. "घोड्या बिथरतील. कडा तिथंच आहे, आणि अता त्यांच्यातच असतील."

"मग बघ या डब्याला काय झालंय! शहरात जाऊन शिकलीस ना?"

बुरुलने सीट उचलली. फ्यूज शाबूत होता. बॅटरीची तार घट्ट होती, गाडीच्या पत्र्याला जोडलेली तारही. माझा दिवा मात्र लाल. तिने स्पीकरच्या तारा सोडवून पाहिल्या. तरी लालच.

"स्पीकर ठीक आहेत. यानं स्वतःच स्वतःला बंद केलंय." तिने नमद्याखाली हात घातला आणि झटकन काढला. "आपा, हा भाजतोय!"

"मी तर एवढं उबदार..." बात्माने सुरी उचलली. तिने आपलेच टाके उसवले. "झऱ्याचं पाणी ओतू?"

"पाणी नको. वारा पुरे."

सगळी दारे उघडून मायलेकी डोक्यावरच्या रुमालांनी मला वारा घालू लागल्या. धुके आत आले आणि माझ्या पट्ट्यांमधून वाहू लागले. मी कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो, तेच मला कळेना. हळूहळू दिवा हिरवा झाला. बुरुलने तारा जोडल्या. कोमुझ पुन्हा वाजू लागले.

बराच वेळ नुसते सूरच जात राहिले. मग जमिनीतून एक टाप आली. मग पुष्कळ.

"कॅसेट का बंद केली होती?" जोल्दोशने खाली उतरताच विचारले. "सूर थांबले तशी माझी दिशा चुकली, म्हणून थांबलो. धुकं जरा विरलं तर समोर दरी!"

"थांबलात ना? लग्नापासून पहिल्यांदाच शहाण्यासारखं वागलात," बात्मा म्हणाली. मग त्याच्या घोड्याच्या मानेत तोंड खुपसून ती रडली.

मित्रांनो, मला कोणी टाकून दिले नव्हते की आपटले नव्हते. मायेनेच माझा श्वास कोंडला होता. एखाद्याला जपायचे असेल, तर त्याला काय लागते ते आधी समजून घ्या. मला ऊब नको. चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा ठेवा. धुक्यात कोणीतरी माझ्या आवाजाच्या दिशेने पाऊल टाकत असते.