मिरजेची पिशवी जयपूरची झाली

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. लगेच नाक मुरडू नका! माझा एक बंद हिरवा आणि दुसरा लाल-पिवळ्या लाटांच्या लहरिया कापडाचा, त्यामुळे मी जराशी विजोड दिसते हे मला ठाऊक आहे. पण जयपूरचे जेवढे बाजार मी पालथे घातलेत, तेवढे इथे जन्मलेल्या पिशव्यांनीही घातले नसतील. थोडा तोरा मिरवते, चालवून घ्या.

माझा जन्म मिरजेचा. विनयाताईंनी खिडक्यांचे पडदे शिवले, त्यातलं हिरवं जाड कापड उरलं आणि एका दुपारी त्यांनी मला शिवलं. आत अस्तर लावलं, किल्ल्यांसाठी चोरकप्पा ठेवला. मंडईत माझा काय रुबाब होता! भाजीवाली मावशी म्हणायची, "वहिनी, पिशवी लई झकास हाय. मला बी एक शिवा की!" विनयाताई नुसत्या हसायच्या.

दोन हजार चार साली विनयाताईंचे यजमान दिनकरराव यांची जयपूरला बदली झाली. ते विमा कंपनीत अधिकारी होते. तिलक नगरात वरच्या मजल्यावर घर मिळालं. खाली घरमालकीण कलावतीजी राहत. मला स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलं आणि मी तिथेच राहिले. विनयाताई कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जातच नसत. हिंदी बोलायचा त्यांना संकोच वाटे. आमसुलं मागितली की दुकानदार चिंच पुढे करी आणि त्या मुकाट्याने घरी येत. तो सामान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देई. त्या चुरचुरणाऱ्या पिशव्यांचा मला भारी राग यायचा.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी विनयाताई म्हणाल्या, "माझं मन इथे रमत नाही हो. मार्चमध्ये परीक्षा झाली की मी अबोलीला घेऊन मिरजेला जाते. तुमची बदली होईपर्यंत तुम्ही इथे राहा."

दिनकररावांनी चहा ढवळला. मग म्हणाले, "बघू."

त्यांची नऊ वर्षांची लेक अबोली दारामागे माझ्याजवळच उभी होती. "मतलब बाबा एकटेच राहणार?" ती मला धरून पुटपुटली. तिने माझ्याच कापडाला डोळे पुसले. मला फार वाईट वाटलं, पण खिळ्याला लटकलेल्या पिशवीने करायचं काय?

जानेवारीत संक्रांत आली. कुठेही असलं तरी हळदीकुंकू चुकवायचं नाही, हा विनयाताईंचा नेम. आता हळदीकुंकू म्हटलं की वाण लुटायला हवं आणि वाण आणायचं तर बाजारात जायलाच हवं. अखेर मी खिळ्यावरून उतरले!

जोहरी बाजारात आम्ही हलवा शोधला. तो पांढरा काटेरी हलवा कुणाला माहीतच नव्हता. एका दुकानदाराने तिळपट्टीचा तुकडा पुढे केला. "पहले चखकर तो देखिए, बहनजी!" कागदासारखी पातळ, कुरकुरीत तिळपट्टी खाऊन विनयाताईंनी अबोलीकडे पाहिलं आणि दोघी एकदम हसल्या. पुढे मनिहारांच्या गल्लीत लाखेच्या बांगड्या करणारा कारागीर बसला होता. निखाऱ्यावर लाख तापवून तो बघता बघता बांगडी वळायचा. विनयाताई तिथे अर्धा तास उभ्या राहिल्या आणि वाणाला बांगड्याच घेतल्या. घरी येताना मी गच्च भरले होते. किती दिवसांनी!

पण एक घोटाळा झाला. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. विनयाताईंनी मात्र हौसेने नेमक्या संक्रांतीच्याच दिवशी चारला कलावतीजींना आणि शेजारच्या बायकांना बोलावलं. चार वाजले, साडेचार झाले, पाच वाजत आले. कुणीच आलं नाही. रांगोळीवर एकही पाऊल पडलं नाही. विनयाताईंनी बांगड्या माझ्यात भरायला घेतल्या. "पाहिलंस ना अबोली? इथे आपलं कुणी नाही. आपण जायचंच."

तेवढ्यात गच्चीवरून कलावतीजींची हाक आली. "विनयाजी! नीचे क्या कर रही हो? हम सब तो कब से ऊपर आपकी राह देख रहे हैं!"

त्या दिवशी सगळं जयपूर पतंगांसाठी गच्चीवर असतं, हे आम्हा मिरजकरांना कुठून ठाऊक असणार! विनयाताईंनी डोळे पुसले, करंडा आणि तिळपट्टीही माझ्यात टाकली आणि त्या धावतच जिना चढल्या. "वो काटा!" असा सगळीकडे गलका चालला होता. त्या गलक्यात सात जणींना हळदीकुंकू लागलं. कलावतीजींनी बांगडी लगेच हातात चढवली. "हमारे यहाँ भी आज के दिन चौदह चीज़ें बाँटते हैं," असं म्हणत त्यांनी आपल्याकडचं वाण माझ्यात घातलं. मग म्हणाल्या, "अगले इतवार गोठ है, आना ही पड़ेगा."

गोठ म्हणजे इथली सहल. दोन जीपगाड्यांतून आम्ही शहराबाहेर कानोत्याच्या धरणाकडे गेलो. शेणीच्या निखाऱ्यात बाट्या भाजल्या, तुपात बुडवल्या. दिनकरराव पाच बाट्या खाऊन वर आणखी चुरमा मागत होते. जेवल्यावर विनयाताई थंडीच्या उन्हात माझी उशी करून चक्क झोपल्या. उठल्यावर दिनकररावांना म्हणाल्या, "अबोलीचं नाव याच शाळेत राहू दे." त्यांनी अबोलीला उचलून गोल फिरवलं.

पुढची चार वर्षं मला खिळा दिसला तो फक्त रात्रीपुरता. एकदा मटारांच्या ओझ्याने माझा बंद तुटला, तेव्हा कलावतीजींनी आपल्या लहरिया ओढणीचा नवा बंद लावला. नाशिकला बदली झाली त्या दिवशी विनयाताई रडल्या, या वेळी जयपूर सोडायचं म्हणून! कलावतीजींनी त्यांच्याकडून मला मागून घेतलं.

आता वर प्रणिता राहते. नागपूरची मुलगी, संगणकाच्या कंपनीत नोकरीला लागलेली. गेले तीन रविवार ती खोलीत बसून आईला फोन करून रडत होती. आज कलावतीजींनी मला तिच्या खांद्याला अडकवलं. "यह थैला सारे बाज़ार जानता है. चल, मैं भी आती हूँ."

मित्रांनो, घरातली जुनी पिशवी फेकू नका. बंद तुटला तर दुसरा लावा. आणि शेजारी कुणी दूरगावाहून आलं असेल, तर त्यांना नुसता पत्ता सांगून सोडू नका, सोबत जा.

जोहरी बाजारात प्रणिताचा फोन वाजला. एका हातात तिळपट्टी, दुसऱ्यात मी. तिने मान वाकडी करून फोन कसाबसा कानाला लावला.

"आई, नंतर बोलते गं. आम्ही बाजारात आहोत!"