कासमभाईंचा पुढचा दात

"मामा, आज रविवार. पाटी वाचली नाही का?" जिना उतरता उतरता डॉक्टर मोनाली म्हणाल्या खऱ्या, पण खाली उभ्या कासमभाईंचं तोंड त्यांनी पाहिलं आणि निमूटपणे दवाखान्याचं कुलूप काढलं.

वरचा ओठ नाकापर्यंत सुजला होता. लवंग झाली, तुरटी झाली, कुणाच्या सांगण्यावरून हिरडीवर गोळी कुटून लावली तर हिरडीच भाजली. दौंडातल्या दोन डॉक्टरांची दारं वाजवून झाली. एक गावाला गेलेले, दुसऱ्यांनी दार उघडलंच नाही. बरोबर बँडमधले ज्ञानदेव होते. ते ट्रम्पेट वाजवायचे. आज मात्र कासमभाईंची क्लॅरिओनेटची पेटी त्यांनीच छातीशी धरली होती. दिवेलागणीला केडगावात नवरदेवाची मिरवणूक होती. पावसाळाभर माश्या मारायच्या आणि मे महिन्यात रोज सुपारी! चणे आहेत तर दात नाहीत, असं म्हणतात ते उगाच नाही.

"हा दात असा मधोमध कशानं झिजलाय? बाटल्यांची झाकणं काढता का?"

"न्हाई बाई, वाजीवतो." कासमभाईंनी बोट दातावर ठेवलं. "क्लॅरोनेट हितं टेकवायचं. बेचाळीस वर्सं झाली."

बाईंनी आरसा त्या खाचेपाशी जरा जास्तच वेळ धरला. मग हळूच म्हणाल्या, "मामा, मुळाशी हाडच उरलेलं नाही. अंगात ताप आहे. आज काढावाच लागेल."

"उद्या काढला तर? आजची येक मिरवणूक तेवढी."

"सूज डोळ्याकडं चाललीय."

"आन् खोटा दात बसवला, तर त्येच्यावर सूर बसंल का?"

"खरं सांगू? मला माहीत नाही. शेजारचाही हलतोय."

कासमभाईंनी पेटी मागून घेतली. क्लॅरिओनेट जोडलं, दाताला टेकवलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. सूर निघालाच नाही. त्यांनी वाद्य पुसून ज्ञानदेवांकडे दिलं आणि स्वतःहून खुर्चीत मान मागे टाकली. त्यांना फार भीती वाटत होती, आणि ती सुईची नव्हती.

सुईनंतर ओठ हळूहळू कुणा दुसऱ्याचा झाला. पंखा संथ फिरत होता. तापाच्या ग्लानीत कासमभाई मांडवगण फराट्याच्या आपल्या पहिल्या मिरवणुकीत पोचले. पंधरा-सोळाचं वय, मोठ्या मापाचा लाल कोट, नदीकडून येणारा वारा, आणि त्यांच्या पहिल्या सुरासरशी मान वळवणारी पांढरी घोडी. ते वाजवत होते आणि दुपार संपतच नव्हती. बाई काहीतरी बोलल्या, ते सनईसारखं लांबून ऐकू आलं.

"झालं, मामा. बोळा घट्ट चावून धरा."

बाहेर ज्ञानदेव म्हणाले, "कासमभाई, तुमी घरी जावा. आमी ओढून न्हेतो."

कासमभाईंनी नकारार्थी मान हलवली. बोळा सांभाळत ते पुटपुटले, "रांग मोकळी दिसंल."

केडगावात डोक्यावर दिवे घेतलेल्या बायका चालू लागल्या. ओठ अजून अर्धा परकाच होता. कासमभाईंनी लाल कोटाची बटणं लावली, क्लॅरिओनेट ओठांपासून केसभर दूर धरलं आणि बोटं सोडली. ज्ञानदेवांच्या ट्रम्पेटनं गाणं उचललं. कासमभाईंची बोटं त्याच्या बरोबरीनं भोकांवर पडत होती, उठत होती, एकही चुकत नव्हती. आतून त्यांना सगळं ऐकू येत होतं; इतकं स्वच्छ तर कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

वऱ्हाडातले एक फेटेवाले आबा कितीतरी वेळ त्यांच्या शेजारून डोळे मिटून चालत होते. गाणं थांबलं तसा त्यांनी कासमभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"लई ग्वाड वाजीवता हो तुमी."

कासमभाईंनी कपाळाला हात लावून आबांना सलाम केला आणि पुढच्या गाण्यासाठी बोटं भोकांवर ठेवली.